मातीतली साक्ष

भूतकाळावर मालकी कोणाची? जमीनधारकाची, शोधणाऱ्याची, शासनाची की विद्वानांची? या वादात एक गोष्ट सहसा निसटते. पुरलेल्या वस्तूचे मोल केवळ वस्तूत नसते. ती जिथे आणि जशी पडून होती, त्या स्थितीतही असते. उपटून काढलेली वस्तू उरते, तिची साक्ष मात्र पुसली जाते.

इंग्लंडमधील सफोक परगण्यात, सटन हू येथे, १९३९ साली बेझिल ब्राउन एक टेकाड खणत होते. शेतीत वाढलेले, पुरातत्त्व स्वतःच शिकलेले हे गृहस्थ. गंजलेले लोखंडी खिळे लागले, तेव्हा त्यांनी ते जागच्या जागी राहू दिले. लाकूड केव्हाच कुजले होते. पण खिळ्यांच्या रांगांतून आणि वाळूतील ठशातून सुमारे २७ मीटर लांबीचे, सातव्या शतकातले जहाज साकार झाले. आत सोने होते. कायद्याने ते जमीनमालकीण एडिथ प्रिटी यांचे ठरले. त्यांनी ते ब्रिटिश म्युझियमला देऊन टाकले. पुढचे उत्खनन विद्वानांच्या हाती गेले आणि ब्राउन यांचे नाव दीर्घकाळ मागे पडले.

सामान्य माणसाला या कामात स्थान असावे, यासाठी तेथे संस्था झटत आल्या आहेत. युद्धाने उद्ध्वस्त झालेल्या शहरांची पुनर्रचना समोर असताना, १९४४ साली, ब्रिटिश पुरातत्त्व परिषद स्थापन झाली. १९७२ पासून मुलांसाठीही मंडळ चालू झाले. तज्ज्ञांची भीती निराधार नव्हती. मातीचा थर एकदाच खणता येतो. अडाणी हाताची चूक दुरुस्त होत नाही. परंतु हा नियम तज्ज्ञाच्या हातालाही लागू आहे.

धातुशोधक यंत्रे घेऊन हिंडणाऱ्यांविरुद्ध १९८० साली मोहीम निघाली. १९९७ पासून मात्र इंग्लंड-वेल्समध्ये वेगळी वाट धरली गेली: कायद्याने घोषित करावयाची संपत्ती वगळता, सापडलेली वस्तू शोधणाऱ्याने स्वेच्छेने दाखवावी, तिची नोंद व्हावी. अशा नोंदी दहा लाखांच्या पुढे गेल्या आहेत. रात्री चोरून खणणारे आजही आहेत; विश्वासाने लोभ संपत नाही. पण संशयाने तरी तो कुठे संपला होता?

लोकसहभाग हे विद्वानांचे औदार्य नव्हे, तसा तो बिनजबाबदार हक्कही नव्हे. मालकी एकाची असू शकते. साक्ष जपण्याचे कर्तव्य सर्वांचे असते. ते जहाज उरले, कारण एका पदवीहीन माणसाने हाती आलेला खिळा उचलला नाही.