हरवलेले मूल आणि गैबचा दावा

अमेरिकेतील क्लीव्हलँड येथून २००३ मध्ये एक मुलगी बेपत्ता झाली. पुढच्या वर्षी, दूरचित्रवाणीवर, अंतर्ज्ञानाचा दावा करणाऱ्या स्त्रीने तिच्या आईला सांगितले की मुलगी हयात नाही. २००६ मध्ये आई वारली. २०१३ मध्ये मुलगी त्याच शहरात जिवंत सापडली. आपल्याकडे मुलाच्या नखाला काजळ लावून ‘हाजरात’ पाहतात, ते याहून निराळे काय?

गैबचे ज्ञान केवळ अल्लाहला आहे. हजरत याकूब (अ.) पैगंबर होते, तरी यूसुफ (अ.) कोठे आहेत हे त्यांना ठाऊक नव्हते. रडून रडून त्यांची दृष्टी गेली. पण त्यांनी कोणा काहिनाला विचारले नाही. मुलांना त्यांनी शोधास धाडले आणि अल्लाहच्या कृपेविषयी निराश न होण्यास बजावले (सूरह यूसुफ, ८७).

तेव्हा दुआ करावी, आणि त्याच घटकेला पोलीस ठाणे गाठावे. १०९८ वर कळवावे.