घाई कुणाची?

माझी मुलगी पहिल्या बाळंतपणाला गौलीगुड्याला माझ्याकडे आली होती. अडतिसावा आठवडा चालू होता. सोलापूरहून विहीणबाईंचा फोन आला, "ताई, चार दिवसांवर महावीर जयंती आहे. डॉक्टरीणबाईंना विचारून बघा ना, कळांचं इंजेक्शन देऊन त्या दिवशी होईल का?"

मी नाही म्हटलं. गोड शब्दांत म्हटलं, पण बरंच सुनावलं. जीव आपली वेळ घेऊन येतो, आपण कोण त्याला ओढून काढणार, वगैरे. आमच्या तेलंगणात मुहूर्त बघून पोट फाडून घेणारे कमी नाहीत. २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत इथली ६०.७ टक्के बाळंतपणं सिझेरियनची निघाली, देशात सर्वांत जास्त. खाजगी दवाखान्यांत तर ८१.५ टक्के. सगळी काही मुहूर्तापायी नसतात, हे मलाही कळतं. पण त्या दिवशी हे आकडे मी विहीणबाईंना असे ऐकवले, जणू सगळा दोष त्यांचाच!

त्या इंजेक्शनाचा मला राग आहे, त्याचं कारण जुनं आहे. गौलीगुड्याच्या नावातच गवळी आहे. माझ्या लहानपणी आमच्या गल्लीच्या टोकाला म्हशी बांधलेल्या असत. पारडू मेलं की म्हैस पान्हा सोडत नाही. मग धारेच्या आधी तिला सुई टोचायचे. आई म्हणायची, हे दूध घरात नको. पुढे कळलं की त्या सुईत ऑक्सिटोसिन असतं, आणि बाईच्या कळा वाढवायला सलाईनमधून सोडतात तेही तेच. म्हशींवरच्या याच गैरवापरापायी २०१८ साली केंद्र सरकारने खाजगी कंपन्यांना देशात विकण्यासाठी ते बनवायला मनाई केली. तेव्हा डॉक्टर आणि आरोग्याचं काम करणारी माणसं उठली, कारण बाळंतपणानंतरचा रक्तस्राव थांबवून बाईचा जीव वाचवणारं औषधही हेच. डिसेंबरात दिल्ली उच्च न्यायालयाने ती मनाई रद्द केली. हे मी पेपरात वाचलं होतं. वाचलं आणि विसरले. म्हैस तेवढी लक्षात राहिली.

महावीर जयंती गेली. चाळीस आठवडे झाले, एक्केचाळीस झाले. आता डॉक्टरीणबाई स्वतःच म्हणाल्या, "उद्या भरती करा, कळा आणू या."

मी म्हटलं, "थोडं थांबू या की. पिकलं की फळ आपोआप पडतं."

त्या शांतपणे म्हणाल्या, "काकू, फळ झाडावर जास्त दिवस राहिलं तर झाडाला काही होत नाही. इथे वार थकते. एक्केचाळीस आठवड्यांनंतर बाळ पोटातच दगावण्याचा धोका थोडा थोडा वाढत जातो. धोका मोठा नाही, पण थांबून आपल्याला मिळणार काय?" जागतिक आरोग्य संघटनेचा सल्लाही पुरे एक्केचाळीस आठवडे झाले की कळा आणाव्यात असाच आहे. बीपी वाढलं, पाणी आधीच गेलं, बाळाची वाढ खुंटली, तर त्याच्याही आधी आणतात.

माझ्याकडे उत्तर नव्हतं, तरी मी वाद घालत राहिले. घरी येताना मुलगी रिक्षात गप्प होती. मग म्हणाली, "आई, त्यांना बाळ लवकर हवं होतं तेव्हा तू नाही म्हणालीस. आता डॉक्टर म्हणतात तरी तू नाहीच म्हणतेस. मला विचारलंस का एकदा तरी?"

नव्हतं विचारलं. विहीणबाईंना तिथीची हौस होती, मला धीराची. माझ्या मुली आपोआप झाल्या, हा माझा अभिमान होता आणि तो मी तिच्या पोटावर ठेवला होता.

त्या रात्री झोप लागेना. आपल्याकडे कर्मविचारात उदीरणा म्हणतात: जे उद्या फळायचं ते प्रयत्नाने आज फळाला आणायचं. समजावताना आंब्याचं उदाहरण देतात, पेंढ्यात घालून पिकवलेल्या. लहानपणापासून ऐकलेलं, पण अढी घालणाऱ्या बाईला विचारा, ती कुठलाही आंबा अढीत घालत नाही. आधी पाड बघते. पाडाला आलेला असेल तर पेंढा त्याला नुसती ऊब देतो. कच्चा कार्बाइडने पिवळा करणं वेगळं. मी दोन्ही एकच धरून बसले होते.

डॉक्टरही पाडच बघतात. गर्भाशयाचं तोंड किती मऊ झालंय, किती उघडलंय, बाळाचं डोकं किती खाली आलंय, याला गुण देतात. ही रीत बिशप नावाच्या डॉक्टरने १९६४ साली बसवली. तोंड कच्चं असेल तर आधी जेल, गोळी किंवा छोटा फुगा लावून ते मऊ करतात, आणि मग लागलं तर सलाईनमधून ऑक्सिटोसिन, थेंब मोजून, बाळाचे ठोके बघत. घरी किंवा कुणा अर्धवट शिकलेल्याकडून घ्यायची ती सुई नव्हे. पहिलटकरणीला यात दिवस जातो, कधी दोन. कळा चढ्या येतात. कधी सगळं करून सिझेरियनच होतं. पण कळा आणल्या म्हणजे पुढे सुरी ठरलेलीच, ही माझी समजूत खोटी निघाली. अमेरिकेत सहा हजारांवर पहिलटकरणींवर एक अभ्यास झाला, तो २०१८ साली छापून आला. एकोणचाळिसाव्या आठवड्यात कळा आणलेल्यांत सिझेरियन १८.६ टक्के झाली, वाट पाहणाऱ्यांत २२.२.

सकाळी मी तिला विचारलं, "तुला काय वाटतं?"

ती म्हणाली, "भीती वाटते. पण थांबायची जास्त वाटते."

त्या दिवशी अक्षय्यतृतीया होती. जेल लावलं, संध्याकाळी सलाईन चढलं. रात्रभर मी बाहेर बाकावर माळ धरून बसले होते, पण लक्ष सगळं आतल्या आवाजाकडे. पहाटे नात झाली, सुरीशिवाय.

विहीणबाईंना फोन केला. त्या रडल्या, हसल्या, मग म्हणाल्या, "म्हणजे चतुर्थी लागली का हो? थोडक्यात तृतीया हुकली."

"हुकली," मी म्हटलं. आदल्या दिवशी मी वाद घालण्यात घालवलेली संध्याकाळ त्यांना काही सांगितली नाही.