तिसरा गोल

हडर्सफील्ड हे उत्तर इंग्लंडमधलं, यॉर्कशायरमधलं लोकरीच्या गिरण्यांचं गाव. १९१९ साली तिथला फुटबॉल क्लब कर्जात इतका बुडाला की क्लब चालवणाऱ्यांनी तो उचलून शेजारच्या लीड्सला न्यायचं ठरवलं. एरवी सामन्यांकडे पाठ फिरवणारं गाव तेव्हा खडबडून जागं झालं. लोकांनी पैसे उभे केले, समभाग विकत घेतले आणि क्लब गावातच ठेवून घेतला.

दोन वर्षांनी हर्बर्ट चॅपमन क्लबचे मॅनेजर झाले. खाणकामगाराचा मुलगा, शिस्तीला कडक. तिशी ओलांडलेल्या क्लेम स्टीफन्सनला त्यांनी अ‍ॅस्टन व्हिलाकडून आणलं आणि संघ त्याच्याभोवती बांधला. पहिला संघ ज्या पद्धतीने खेळतो, त्याच पद्धतीने राखीव संघानेही खेळायचं, असा त्यांचा दंडक होता. चॅपमन यांचा संघ आधी बचाव पक्का करायचा आणि मग पुढे सरकायचा. १९२२ मध्ये एफए कप, म्हणजे इंग्लंडच्या बाद पद्धतीच्या स्पर्धेचा चषक, गावात आला. लीगचं विजेतेपद मात्र अजून हाती लागलं नव्हतं.

१९२३-२४ च्या हंगामाचा शेवटचा दिवस होता ३ मे १९२४. विजेतेपदाच्या शर्यतीतल्या दोन्ही संघांचे ४२ पैकी ४१ सामने झाले होते. कार्डिफ सिटी ५६ गुणांवर, हडर्सफील्ड ५५ वर. कार्डिफ हे तेव्हा वेल्समधलं कोळशाचं बंदर होतं, पण क्लब खेळायचा इंग्लंडच्या लीगमध्ये. तेव्हा विजयाला दोन गुण मिळत आणि बरोबरीला एक. कार्डिफने बर्मिंगहॅमला जाऊन नुसता सामना जिंकला असता, तर हडर्सफील्डने घरच्या मैदानावर काहीही केलं असतं तरी उपयोग नव्हता.

बर्मिंगहॅममध्ये गोल होईना. सामना शेवटाकडे झुकलेला असताना बर्मिंगहॅमच्या बचावपटूचा हात चेंडूला लागला आणि पंचांनी पेनल्टी दिली. ती मारायला लेन डेव्हिस पुढे आला. त्या हंगामात कार्डिफसाठी सर्वांत जास्त गोल त्यानेच केले होते. चामड्याचा तो जड चेंडू पेनल्टीच्या खुणेवर ठेवला गेला. समोर एकटा गोलरक्षक आणि बारा यार्डांचं अंतर. डेव्हिसने फटका मारला, गोलरक्षकाने तो अडवला. सामना ०-० असाच सुटला.

गेली शंभर वर्षं ही गोष्ट इथेच थांबवून सांगितली जाते. एक पेनल्टी हुकली आणि विजेतेपद गेलं म्हणतात. डेव्हिसवर हा अन्याय आहे, असं मला मनापासून वाटतं. पूर्ण हिशेब मांडला की तो लख्ख दिसतो.

त्याच दुपारी लीड्स रोडच्या मैदानावर हडर्सफील्ड नॉटिंगहॅम फॉरेस्टशी खेळत होतं. रेडिओवरून सामन्यांचं धावतं वर्णन सुरू व्हायला अजून तीन वर्षं होती. बर्मिंगहॅमला काय चाललंय हे मैदानावरच्या खेळाडूंना दिसणार नव्हतं. हडर्सफील्डने पहिला गोल केला, मग दुसरा. दोन गोलांची आघाडी म्हणजे सामना खिशात. हंगामभर झिजलेले पाय अशा वेळी आपोआप सैल पडतात. हे पाय सैल पडले नाहीत. तिसरा गोल झाला आणि सामना ३-० असा संपला.

आता दोघांचेही गुण ५७. अशा वेळी गोल सरासरी बघत, म्हणजे केलेल्या गोलांना खाल्लेल्या गोलांनी भागत. कार्डिफने ६१ केले होते आणि ३४ खाल्ले होते, सरासरी १.७९४. हडर्सफील्डने ६० केले होते आणि ३३ खाल्ले होते, सरासरी १.८१८. फरक होता ०.०२४ चा.

कागद-पेन्सिल घेऊन जरा बसा. हडर्सफील्ड शेवटच्या दिवशी दोनच गोलांवर थांबलं असतं, तर त्यांची सरासरी १.७८८ झाली असती आणि विजेतेपद कार्डिफला गेलं असतं. कार्डिफने जिंकलेल्या एखाद्या सामन्यात, निकाल ठरून गेल्यावर, आणखी एक गोल केला असता, तर त्यांची सरासरी १.८२४ भरली असती आणि ते पुढे गेले असते. हंगामातल्या कुठल्याही फुटकळ दुपारी त्यांनी एक गोल कमी खाल्ला असता तरी तेच. उलट हडर्सफील्डने एक गोल जास्त खाल्ला असता, तर त्यांचं सगळंच गेलं असतं. म्हणजे सप्टेंबरातल्या चिखलात, सामना हातात असताना किंवा हातून गेलेला असताना, ‘आता काय फरक पडतो’ असं जिथे कुणालाही वाटलं असतं, तिथे फरक पडत होता. फक्त तो दिसायला मे महिना उजाडावा लागला. आणि सगळ्या वर्षाचा हिशेब लोकांनी एका माणसाच्या एका फटक्यावर टाकला.

हडर्सफील्डने त्यानंतरची दोन विजेतेपदंही जिंकली. सलग तीन, तोवर कुणालाच न जमलेली. तिसऱ्याच्या वेळी चॅपमन लंडनला, आर्सेनलकडे गेले होते. त्यांनी लावलेली सवय मागे राहिली होती.

आणि डेव्हिस? २३ एप्रिल १९२७ ला वेम्बलीवर एफए कपचा अंतिम सामना झाला, कार्डिफ विरुद्ध चॅपमन यांचं आर्सेनल. कार्डिफच्या ह्यूई फर्ग्युसनने एक साधा, जोर नसलेला फटका मारला. आर्सेनलचा गोलरक्षक डॅन लुईसने तो अडवलाच होता. अशा चेंडूमागे कोण धावतं? लेन डेव्हिस धावला. तो अंगावर येताना लुईसच्या हातून चेंडू निसटला आणि गोलरेषेपलीकडे गेला. कार्डिफ १-० ने जिंकलं आणि एफए कप पहिल्यांदा, आजवर एकदाच, इंग्लंडबाहेर गेला.