परक्यासाठी साक्ष

न्यायाची मागणी सगळेच करतात. ती कोणासाठी करतात, यात माणसाची परीक्षा होते. आपल्या मोहल्ल्यातल्या माणसावर जुलूम झाला की जीभ आपोआप चालते. पण ज्याचा धर्म वेगळा, ज्याच्याशी नात्याचा धागा नाही, त्याच्यासाठी बोलणे आपल्यावर बंधनकारक आहे काय?

5 जुलै 2021 रोजी वांद्र्याच्या होली फॅमिली रुग्णालयात फादर स्टॅन स्वामी वयाच्या 84 व्या वर्षी वारले. हे जेझुइट धर्मगुरू अनेक दशके झारखंडच्या आदिवासींमध्ये राहिले. तुरुंगात खितपत पडलेल्या आदिवासी कच्च्या कैद्यांचा त्यांनी अभ्यास केला होता. पुढे तेही कच्चे कैदीच झाले. 1 जानेवारी 2018 रोजी भीमा कोरेगावात हिंसाचार झाला. आदल्या दिवशी पुण्यात एल्गार परिषद भरली होती. त्या प्रकरणात, बंदी असलेल्या माओवादी पक्षाशी संबंध असल्याचा आरोप ठेवून, राष्ट्रीय तपास यंत्रणेने त्यांना 8 ऑक्टोबर 2020 रोजी रांचीत अटक केली. आरोप त्यांनी नाकारले.

पार्किन्सनमुळे त्यांचे हात थरथरत. पेला धरवत नसे. तळोजा कारागृहातून त्यांनी स्ट्रॉ आणि सिपर मिळावा असा अर्ज केला, तेव्हा उत्तरासाठी यंत्रणेने 20 दिवसांची मुदत घेतली. मार्च 2021 मध्ये विशेष न्यायालयाने जामीन नाकारला. मे महिन्याच्या अखेरीस उच्च न्यायालयाच्या आदेशाने त्यांना रुग्णालयात हलवले गेले. जामिनाची सुनावणी चालू असतानाच मृत्यूची बातमी न्यायालयात पोहोचली. बचाव पक्षाच्या वकिलांनी करवून घेतलेल्या तपासणीत, त्यांच्या संगणकात कागदपत्रे बाहेरून पेरली गेल्याचा निष्कर्ष 2022 मध्ये एका अमेरिकी संस्थेने काढला. तो पारखला जावा म्हणून उभा राहणारा आरोपी तोवर हयात नव्हता.

पुरावा देणे ही दावा करणाऱ्याची जबाबदारी, हे आपल्या फिक्हचे मूलतत्त्व आहे. यूएपीए कायद्यात मात्र आरोप सकृद्दर्शनी खरा वाटला, तरी न्यायालयाला जामीन देता येत नाही. मग शिक्षा आधी भोगावी लागते आणि खटला मागून येतो. फादर दोषी होते की निर्दोष, हे ठरवण्याचा अधिकार तुम्हा-आम्हाला नाही. पण ते ठरण्याआधीच वृद्धाचे प्राण जावेत, हा जुलूम ओळखायला न्यायाधीश असावे लागत नाही.

कोणी म्हणेल, आपल्याच मुलांची प्रकरणे कमी आहेत काय? कमी नाहीत. 11 जुलै 2006 रोजी उपनगरी गाड्यांत स्फोट झाले. जोगेश्वरी आणि बोरिवलीही त्यातून सुटली नाहीत. 21 जुलै 2025 रोजी उच्च न्यायालयाने त्या खटल्यातील 12 जणांना निर्दोष ठरवले. त्यांतला एक निकालापूर्वीच कैदेत मरण पावला होता. राज्य सरकारने सर्वोच्च न्यायालयात दाद मागितली आहे. निर्दोष माणूस तुरुंगात सडतो, तेव्हा मृतांच्या कुटुंबांनाही न्याय मिळत नाही, कारण खरा गुन्हेगार मोकळा राहतो. ही वेदना ज्यांनी जवळून पाहिली, त्यांनीच फादरांच्या बाबतीत गप्प राहावे काय?

सूरह अन्-निसाच्या 105 व्या आयतीपासूनचा भाग आठवा. टीकाकारांनी त्यामागचा प्रसंग नोंदवला आहे. मदीनेत एक चिलखत चोरीस गेले. ज्याच्यावर संशय होता तो मुसलमान म्हणवणाऱ्या घराण्यातला. त्याने आळ एका यहुद्यावर ढकलला. घराणे आपल्या माणसाच्या बाजूने उभे राहिले. वह्य मात्र त्या परक्याला निर्दोष ठरवण्यासाठी अवतरली. याच सूरहच्या 135 व्या आयतीत स्वतःविरुद्ध, आई-वडिलांविरुद्धही सत्य साक्ष देण्याचा आदेश आहे. जो आदेश आप्तांविरुद्ध बोलायला लावतो, तो परक्यासाठी बोलण्यातून सूट कशी देईल? मजलूमाची हाक आणि अल्लाह यांच्यात पडदा नसतो, असे प्रेषित मुहम्मद (स.) यांनी शिकवले. त्या हाकेला धर्म विचारला जात नाही.

अंधेरी, मरोळ, बोरिवलीच्या गावठाणांत मराठी बोलणारे ईस्ट इंडियन ख्रिस्ती आपले शेजारी आहेत. त्यांच्या दुःखात आपण गेलो, तर ते उपकार नव्हेत. आपल्यावरचे कर्ज फेडणे आहे. घरी मुलांना आपल्या कैद्यांची कहाणी सांगाल, तेव्हा या वृद्ध पाद्रींचीही सांगा. अल्लाह आपल्याला न्यायावर ठाम राहणाऱ्यांमध्ये सामील करो. आमीन.