देवखात : कोणीही न खणलेले पाणी

तीर्थक्षेत्री आलेला भाविक आधी पाण्याजवळ जातो, मग देवाजवळ. पाय धुतो, डोळ्यांना पाणी लावतो आणि त्या पाण्याला सरसकट ‘तीर्थ’ म्हणतो. पूर्वसूरींनी मात्र पाण्याच्या जागांना इतक्या सरसकटपणे हाक मारलेली नाही. अमरसिंहाच्या अमरकोशात पहिल्या कांडातील वारिवर्ग उघडावा. अथांग पाणी असलेला तो ह्रद, थोडक्या पाण्याचे ते पल्वल किंवा वेशंत, विहिरीलगत गुरांसाठी केलेले ते निपान. पुष्करिणी खणलेली, म्हणून तिला ‘खात’ म्हटले आहे. राहिले ते न खणलेले जलाशय. त्यांना नुसते ‘अखात’ म्हणूनही चालले असते. परंतु कोशकार तेथे थांबला नाही. मनुष्याने खणले नाही त्याचा खणणारा कोण, याचे उत्तर त्याने नावातच दिले : देवखात.

मराठी मुलुखात या देवखातांना गावोगावी निराळी नावे आहेत. संस्कृत ‘ह्रद’ प्राकृतात ‘दह’ झाला. भागवताच्या दशम स्कंधात सोळाव्या अध्यायात ज्या ह्रदात श्रीकृष्णाने कालियाचे मर्दन केले, तो वृंदावनात आजही कालियदह म्हणून ओळखला जातो. मराठीतील ‘डोह’ याच कुळातला मानतात. देहूला इंद्रायणीचा डोह आहे. तुकोबांच्या अभंगांच्या वह्या त्या पाण्यात बुडाल्या आणि तेरा दिवसांनी कोरड्या वर आल्या, ही श्रद्धा वारकरी संप्रदायाने पिढ्यान्‌पिढ्या जपली आहे. कोकणात नदीच्या खोल जागेला ‘कोंड’ म्हणतात. पावसाळ्यापुरते साठते ते डबके. त्याला कोणी नमस्कार करीत नाही, पण गुरे आणि पाखरे त्याच्यावर जगतात. सर्वांत मोठे देवखात म्हणावे ते लोणारचे सरोवर. अशनीच्या आघाताने पडलेल्या त्या विवराला लोककथेने लवणासुराचे नाव दिले आणि गावात दैत्यसूदन विष्णूचे मंदिर उभे राहिले.

पारनेर तालुक्यातील निघोजजवळ कुकडी नदीच्या पात्रात देवखाताचे काम प्रत्यक्ष पाहावयास मिळते. गावकरी त्या जागेला कुंड म्हणतात. काठी मळगंगा देवीचे स्थान आहे. पात्रात काळा बेसाल्ट पसरलेला असून त्यात रांजणासारखे गोल, खोल, गुळगुळीत खड्डे आहेत. त्यांस रांजणखळगे असे समर्पक नाव आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हारसाचा हा खडक सहजी झिजणारा नव्हे. पुराच्या भोवऱ्यात एखादा गोटा खाचेत अडकतो, गरगर फिरतो आणि खाच रुंदावतो. पहिला गोटा झिजून संपतो, दुसरा येतो. असे किती गोटे संपले असतील, याची मोजदाद कोण करणार? भाविक त्याला देवीची लीला म्हणतो, भूशास्त्रज्ञ जलप्रवाहाची झीज म्हणतो. खळगा दोघांनाही तोच दिसतो.

देवखाताचे स्थान धर्मशास्त्रात विशेष आहे. दुसऱ्याने बांधलेल्या जलाशयात स्नान करणाऱ्यास बांधणाऱ्याच्या पापाचा अंश लागतो, असे मनुस्मृतीचा चौथा अध्याय सांगतो. याज्ञवल्क्य स्मृतीच्या आचाराध्यायात त्यावर सोपी तोड आहे. परक्या पाण्यात उतरावयाचे, तर आधी तळातून मातीचे पाच गोळे बाहेर काढावेत. वरवर हा केवळ विधी वाटतो. पण हजार यात्रेकरूंनी पाच-पाच गोळे काढले, म्हणजे तळ्याचा किती गाळ उपसला गेला असेल, याचा हिशेब तळे बांधणाऱ्यालाच उमजेल. दात्यासाठीही शास्त्राचे वळण आहे. तळे, विहीर, मंदिर बांधणे हे पूर्तकर्म. तळ्याचा सर्व प्राणिमात्रांसाठी विधिपूर्वक उत्सर्ग केला की दात्याची मालकी सुटते.

नदी, देवखात, ह्रद आणि झरा यांना मात्र पाच गोळ्यांची अट नाही. तेथे मालकच नाही, तेव्हा कोणाचे देणेही नाही. शिवाय गाळ काढणारा तेथे निराळा आहे. दर पावसाळ्यात पूर येतो आणि डोह खरवडून जातो.

आता या सवलतीचा आधार किती उरला आहे, हे कोणत्याही क्षेत्राच्या घाटावर दिसते. निर्माल्य पिशवीसकट पाण्यात जाते. स्नानानंतर अंगावरची वस्त्रे सोडून देण्याची चाल कित्येक ठिकाणी आहे. साडी खडकाच्या कपारीत अडकली की पूर तिला नेत नाही, उलट तीच गाळ धरून ठेवते. प्लास्टिक कुजत नाही. आळंदीला इंद्रायणीवर पांढरा फेस तरंगताना अलीकडच्या वर्षांत वारकऱ्यांनी पाहिला आहे; तो कारखान्यांच्या आणि वस्त्यांच्या सांडपाण्याचा आहे, आणि त्याचा दोष यात्रेकरूच्या माथी मारणे अन्यायाचे होईल. पण ओंजळीतून सुटते ते यात्रेकरूचेच असते. देवाने खणलेली जागा माणसाने बुजवली, तर ती पुन्हा खणण्याचे काम देवावर टाकता येत नाही. तेव्हा ज्या डोहात पुराचे काम माणसाने अडवले, तेथे पाच गोळ्यांचे देणे पुन्हा लागू होते, असे मानावयास शास्त्राचा विरोध नसावा. गोळे मातीचेच हवेत असेही नाही. पाच पिशव्या बाहेर काढल्या तरी तेच काम होईल.

महाड तालुक्यात काळ नदीवर वाळणकोंड आहे. काठावर वरदायिनी देवीचे ठाणे, म्हणून कोंडातील मासे देवीचे. ते कोणी धरीत नाही. आसपास पाण्यात जाळी पडत असता त्या एका खोलगटात हातभर लांबीचे मासे निर्धास्त फिरतात आणि भाविकाने खाऊ टाकला की काठाशी येतात. तेथे खाऊ न्यावा, तो सुटा न्यावा. पिशवी परत आणावी.