कॅमेऱ्याला ‘म्हणे’ म्हणता येत नाही

काही दिवसांपूर्वी आमच्या शाळेच्या ग्रुपवर कुणीतरी एक क्लिप टाकली. एआयने बनवलेली, चाळीसेक सेकंदांची. गोदावरीचा काठ, निळा पोशाख, हातावर बाज आणि थेट आपल्याकडे बघून हिंदीत बोलणारे गुरू गोविंदसिंग. आम्ही सगळी नांदेडची पोरं. अर्ध्या ग्रुपने हात जोडल्याचे इमोजी टाकले. एका शीख मित्राने एवढंच लिहिलं, “डिलीट कर भाऊ.” त्याने कारण सांगितलं नाही, कुणी विचारलंही नाही.

खरं तर नांदेडकरांना ते विचारावं लागू नये. ऑक्टोबर १७०८ मध्ये गुरू गोविंदसिंगांनी इथेच देह ठेवला. त्याआधी त्यांनी सांगितलं, की यापुढे कुणी माणूस गुरू नसेल, ग्रंथ हाच गुरू. हुजूर साहिबला आपण माथा टेकतो तेव्हा या निर्णयापुढेही टेकत असतो. मग एखाद्या नटाने दाढी चिकटवून गुरू व्हायचं म्हणजे गुरूंनीच जी जागा माणसासाठी बंद केली, तिथे पुन्हा माणूस बसवायचा. म्हणून गुरूंची भूमिका माणसाने करू नये, असा शीख परंपरेत दंडक आहे. २०१४ चा ‘चार साहिबजादे’सुद्धा नट न घेता अ‍ॅनिमेशनमध्ये केला गेला.

‘नानक शाह फकीर’चं काय झालं ते आठवत असेल. २०१५ मध्ये विरोध झाला आणि चित्रपट मागे घेतला गेला. एप्रिल २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की सेन्सॉरचं प्रमाणपत्र मिळालेला चित्रपट कुणी अडवू शकत नाही. त्याच आठवड्यात अकाल तख्ताने निर्माते हरिंदरसिंग सिक्का यांना पंथाबाहेर काढलं. सिक्का स्वतः शीख. त्यांनी काही गुरूंची टिंगल करायला सिनेमा काढला नव्हता. दाखवता येतं का, याचं उत्तर कोर्टाने दिलं. दाखवावं का, हा प्रश्न तसाच राहिला.

माझ्या लातूरच्या रूममेटला मी हे सांगितलं, तर त्याला ते पटेचना. घरात वारी, गळ्यात माळ. तो म्हणाला, “आमच्याकडे उलटं आहे बघ.” आणि खरंच उलटं आहे. १९३६ च्या प्रभातच्या ‘संत तुकाराम’मध्ये विष्णुपंत पागनीस तुकोबा झाले आणि लोक त्यांच्याच पाया पडू लागले. नटाच्या देहातून संत भेटला, यात कुणाला पाप दिसलं नाही. एका परंपरेत देह दाखवणं ही भक्ती, दुसरीत न दाखवणं ही भक्ती. यातली कुठली कमी अस्सल, हे मला तरी ठरवता येत नाही.

पण प्रश्न फक्त देहाचा नाही, गोष्ट कुणाची हाही आहे. प्रभातच्या सिनेमात शेवटी तुकोबा विमानातून वैकुंठाला जातात, आवली खाली राहते. तुकोबांचा खून झाला असावा, असं मानणारेही आहेत. मी रूममेटला विचारलं, उद्या कुणी तसा सिनेमा काढला तर? तो थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, “बंदी नको. पण मी बघणार नाही.”

नांदेडच्या बाबतीतही अशी दुसरी गोष्ट आहे. नामधारी शीख मानतात, की गुरू गोविंदसिंगांचा अंत १७०८ मध्ये इथे झालाच नाही. ते अजापालसिंग या नावाने पुढे शंभरेक वर्षं जगले आणि १८१२ मध्ये त्यांनी बालकसिंगांना गुरुपद दिलं. बहुसंख्य शिखांना हे मान्य नाही. मान्य केलं तर ग्रंथाच्या गुरुपदाचा पायाच हलतो. पण नामधारींसाठी ती चेष्टा नाही, तीच त्यांची श्रद्धा आहे. त्यांच्यातल्या कुणी त्यावर सिनेमा काढला तर तो अपमान म्हणायचा का?

मला वाटतं, नाही. पण एक अडचण उरते. मराठीत ‘म्हणे’ हा फार उपयोगाचा शब्द आहे. ‘ते म्हणे घोड्यावर बसून निघून गेले.’ या एका शब्दाने सांगणारा बाजूला सरकतो, ऐकणाऱ्याला मानायची आणि न मानायची मोकळीक मिळते. एकाच पारावर दोन गोष्टी भांडण न होता नांदतात त्या अशाने. कॅमेऱ्याकडे हा शब्द नाही. घोडा दिसला की घोडा होता. सुरुवातीला ‘कुणाच्या भावना दुखावण्याचा हेतू नाही’ अशी पाटी येते, पण ती प्रेक्षकापेक्षा वकिलासाठी असते.

आता मलाच उलट विचारता येईल, की मग प्रभातच्या विमानालाही ‘म्हणे’ लावणार का? लावायला हवं, असं तत्त्व सांगतं. बहुसंख्यांची श्रद्धा इतिहास म्हणून खपते आणि थोड्यांच्या श्रद्धेला तेवढी पाटी लावावी लागते, हा न्याय नाही. पण प्रत्येक दृश्यात शंका घातली तर तो सिनेमा मरेल, हेही खरं. मला तरी एकच मार्ग दिसतो: सांगणाऱ्याने आपला पत्ता लपवू नये. ‘आम्ही अमुक परंपरेचे, आम्ही असं मानतो,’ एवढं उघड सांगावं आणि मग मोकळेपणाने दाखवावं. प्रभातचा प्रेक्षक ही वारकऱ्यांची गोष्ट आहे हे ओळखूनच बसला होता. थिएटरच्या बाहेर त्याला दुसरी गोष्टही ऐकू येत होती.

त्या क्लिपला असा पत्ताच नव्हता. गुरूंच्या तोंडी वाक्यं कुणी घातली, कुठल्या श्रद्धेतून घातली, काही कळत नव्हतं. मी दिवसभर कोड लिहितो, त्यामुळे अशी क्लिप बनवायला किती कमी वेळ लागतो हे मला माहीत आहे. श्रद्धा नसली तरी चालतं, अश्रद्धा नसली तरी चालतं.

रात्री मी त्या शीख मित्राला मेसेज केला, की मीही दुपारी हात जोडले होते, ते काढून टाकलेत. त्याचं उत्तर आलं, “हात जोडलेस त्याचं काही नाही रे. कुणापुढे जोडलेस, ते बघ.”