चाकू टेबलावर ठेव

चाकू टेबलावर ठेव. पातं आत घेऊन ठेव आणि त्या बटणाला पुन्हा बोट लावू नकोस. तुझ्या वडिलांना मी अजून फोन केलेला नाही. ते काम आज संध्याकाळी तू स्वतः करायचं आहेस, म्हणून आता मान वर कर आणि नीट ऐक.

"सर, संरक्षणासाठी ठेवलाय." हे उत्तर मी मान्य करत नाही. कुणापासून संरक्षण? सकाळच्या एसटीने तू येरमाळ्याहून येतोस, दिवसभर आयटीआयच्या वर्कशॉपमध्ये फाईल मारतोस, संध्याकाळच्या गाडीने परत जातोस. या वाटेवर तुला कुणी धमकावत असेल तर नाव सांग, आत्ता तुझ्याबरोबर पोलीस ठाण्यात येतो. नाव नसेल तर खरं कारण बोल. मित्राच्या वाढदिवसाला तू हा चाकू सगळ्यांसमोर खटकन उघडलास, त्याने केक कापलास, कुणीतरी शूटिंग केलं आणि ते तू स्टेटसला ठेवलंस. लोकांनी आपल्याला घाबरावं एवढ्यासाठी हा चाकू तुझ्या खिशात आला.

तुझ्या घरात धारेचं लोखंड काही आज आलेलं नाही. कळंब, भूम, वाशी या डोंगरपट्ट्यातली माणसं दसरा झाला की ऊसतोडीला निघतात. नवरा-बायको मिळून एक कोयता धरला जातो आणि मुकादम उचल देतो ती त्या कोयत्यावर. तुझे आजी-आजोबा असेच एक कोयता म्हणून वर्षानुवर्षं कारखान्यावर गेले, हे प्रवेश घेताना तुझ्या वडिलांनीच मला सांगितलं होतं. थंडीत पहाटे उठून त्यांनी ज्या धारेवर पोट भरलं, तुझ्या वडिलांना शाळेत घातलं, तीच धार हातात घेऊन आता पोरं रस्त्यात गाडीच्या बॉनेटवर केक कापतात. तलवारीने कापतात, कोयत्याने कापतात. पुण्यात तर 'कोयता गँग' हा शब्द वर्तमानपत्रात रोजचा झाला. कष्टाच्या अवजाराची ही विटंबना बघून मला संताप येतो. तुलाही यायला हवा होता, कारण ते अवजार तुझ्या घरचं आहे.

आता कायदा. तुझा कुणीतरी मित्र म्हणाला, "नऊ इंचांच्या आत असलं की काही होत नाही." अर्धवट माहितीवर चालणारा माणूस काहीच माहीत नसणाऱ्यापेक्षा लवकर खड्ड्यात पडतो. शस्त्र अधिनियम १९५९ सालचा. त्याखालच्या नियमांत ९ इंचांपेक्षा लांब किंवा २ इंचांपेक्षा रुंद पात्याचे सुरे शस्त्रांच्या यादीत घातले आहेत, आणि घरगुती, शेतीच्या, शास्त्रीय वा औद्योगिक कामासाठी बनवलेली हत्यारं त्यातून वगळली आहेत. तुझं पातं साडेचार इंच भरतं, हे मी व्हर्नियर न लावताही सांगतो. म्हणून तू सुटलास? महाराष्ट्र पोलीस अधिनियम १९५१ चं कलम ३७ वाच. त्यातल्या पोटकलम १ प्रमाणे जिल्हादंडाधिकारी आदेश काढून सुरे, तलवारी, काठ्या, लाठ्या, शारीरिक इजा करता येईल अशी कुठलीही वस्तू घेऊन फिरायला मनाई करू शकतात. तिथे इंच मोजत बसत नाहीत. सण आले, निवडणुका आल्या, कुठे तणाव झाला की हे आदेश निघतात. तुळजापूरला नवरात्रात लाखो माणूस येतं, तुमच्या येरमाळ्याला चैत्री पौर्णिमेला येडेश्वरीची यात्रा भरते. अशा गर्दीत तुझ्या खिशात बटणाचा चाकू सापडला तर हवालदाराने काय समजायचं? आदेश मोडला तर कलम १३५ प्रमाणे एक वर्षापर्यंत कैद, आणि न्यायाधीशाने खास कारण लिहून ठेवल्याशिवाय ती चार महिन्यांच्या खाली येत नाही. वर दंड वेगळा.

आणि भांडणात तो उघडलास तर? समोरच्याच्या दंडावर नुसता ओरखडा उठला तरी भोसकण्याच्या, कापण्याच्या हत्याराने दुखापत केली म्हणून भारतीय न्याय संहितेचं कलम ११८ लागतं. तीन वर्षांपर्यंत शिक्षा. जखम गंभीर असेल तर थेट जन्मठेपेपर्यंत. हातात चाकू नसता तर दोन शिव्या आणि एक धक्काबुक्की होऊन ते भांडण पारावरच मिटलं असतं.

तू पोलीस भरतीची तयारी करतोस ना? पहाटे सोळाशे मीटर पळतोस, गोळा फेकतोस. ग्राउंड निघेल, लेखी निघेल, मग चारित्र्य पडताळणी येईल. तिथे गुन्हा दाखल आहे का हा प्रश्न असतो. खरं लिहिलंस तर घ्यायचं की नाही हे भरती करणारे ठरवणार, लपवलंस तर लपवल्याबद्दल निवड रद्द होऊ शकते. अवतार सिंग यांच्या खटल्यात २०१६ साली सर्वोच्च न्यायालयाने हेच स्पष्ट केलं आहे: माहिती खरीच द्यावी लागेल; किरकोळ प्रकरणाकडे काणाडोळा करायचा की नाही हे नोकरी देणारा ठरवेल. आईने दुसऱ्याच्या रानात खुरपून तुझ्या बुटांचे पैसे उभे केले आणि तू स्वतःच्या हाताने स्वतःविरुद्धचा पुरावा स्टेटसला चढवलास.

फिटर ट्रेडचा पोरगा तू. निदान हत्यार म्हणून तरी या वस्तूकडे नीट बघायचं होतंस. पातं उघड्या स्थितीत मी धरतो आणि डावी-उजवीकडे हलवतो. केवढा खेळ आहे बघ. रिव्हेट सैल, लॉकची पट्टी पत्र्याची. जोर दिला की हे पातं उलटं मिटणार आणि पहिल्यांदा तुझीच तर्जनी कापणार. बोटाचा कंडरा तुटला तर ते बोट पुन्हा पूर्ण वाकेल याची खात्री डॉक्टरही देत नाही, आणि बोट न वाकणाऱ्या फिटरला कुणी कामावर ठेवत नाही. स्प्रिंग तर अशी की खिशात बटण दाबलं गेलं तर मांडीत घुसेल. पात्यावर काळा रंग, मुठीवर कवटी, खोक्यावर 'मिलिटरी' असं छापलेलं. पोलाद कुठलं, कडकपणा किती, याचा एक शब्द नाही. या पात्याला फाईल लावून बघ, लगेच चावेल.

मिलिटरीचं म्हणतोस तर सैनिकाच्या खिशातला खरा चाकू कसा होता ते ऐक. स्वित्झर्लंडच्या सैन्याने १८९१ च्या सुमारास जवानांना जो चाकू दिला त्यात एक पातं, एक टोचा, डबा उघडायचं हत्यार आणि एक स्क्रू-ड्रायव्हर होता. स्क्रू-ड्रायव्हर कशाला, तर रायफल खोलून साफ करायला. इबाख गावचा कार्ल एल्सनर हे चाकू बनवू लागला आणि १८९७ साली त्याने अधिकाऱ्यांसाठीच्या हलक्या चाकूची नोंदणी केली. आज जगभर जो लाल मुठीचा चाकू दिसतो तो त्याच घराण्याचा. सैनिकालासुद्धा खिशातला चाकू जेवणासाठी आणि दुरुस्तीसाठी दिला होता, लढायला नाही.

चाकू ठेवूच नकोस असं मी म्हणणार नाही. खेड्यात राहणाऱ्या, रानात जाणाऱ्या माणसाला खिशात एक चाकू लागतो. गोणीची सुतळी कापायला, ठिबकची सोळा एमएमची नळी सरळ छाटायला, शेळीच्या गळ्यात दोरी अडकली तर झटकन सोडवायला, बांधावर बसून काकडी चिरायला. पण आधी काम ठरव, मग पातं. या सगळ्या कामांना अडीच ते तीन इंचांचं पातं पुरतं. त्याहून लांब पात्याने नळी जास्त सरळ कापली जात नाही. कडेला करवतीचे दाते नकोत. दात्यांना घरी सहज धार लावता येत नाही. हाताने उघडायचा, हाताने मिटायचा, मिटला की टोक पूर्ण मुठीत बुडणारा, असा घे. बटण नको, स्प्रिंगची उडी नको. नुसत्या पाठपट्टीच्या ताणावर उघडा राहणारा साधा घडीचा चाकू चालतो, फक्त त्याने भोसकण्यासारखा पुढे जोर द्यायचा नाही. लॉकचा घेणार असलास तर दुकानातच चार-सहा वेळा उघडून लॉक पुरता बसतो का ते तपास. फ्रान्सच्या ओपिनेल चाकूत मुठीच्या तोंडाशी एक कडी फिरवून पातं अडकवतात. इतकी साधी योजना, पण बोट वाचतं. मूठ लाकडी किंवा खरबरीत प्लॅस्टिकची असू दे, घामाच्या हातातून सटकता कामा नये. रंग भडक घे. सोयाबीनच्या ढिगात काळा चाकू पडला तर मळणी यंत्रातच सापडेल.

पोलादाचं तुला मी वर्गात शिकवलं आहे. साध्या कार्बन पोलादाला धार पटकन चढते, पण कैरी किंवा लिंबू कापून तसाच ठेवलास तर सकाळी डाग पडलेला असतो. स्टेनलेसमध्ये किमान साडेदहा टक्के क्रोमियम, म्हणून गंज कमी, देखभाल कमी. तू विसराळू आहेस, स्टेनलेस घे. रॉकवेल सी पंचावन्न-छप्पनच्या आसपासचं पातं खिशातल्या चाकूला बास आहे, कुरुंदाच्या दगडावर घरी धार लागते. दगडाशी वीस अंशांचा कोन धरून दोन्ही बाजूंनी सारखे हात मार. मग पातं पूस आणि सांध्यात तेलाचा एक थेंब सोड. चाकू बोथट झाला की माणूस जोर लावतो, आणि हात जोर लावतानाच कापला जातो.

काही कामांना हा चाकू लावायचाच नाही. मोटारीची वायर सोलायला पकड आहे, वर्कशॉपमध्ये मी तीच वापरायला लावतो. द्राक्षाची छाटणी कात्रीने होते. शेळी व्याली तर पिल्लाची नाळ नव्या ब्लेडने कापून आयोडीन लाव. सुतळी कापलेलं पातं तिथे नेऊ नकोस. टोकाने डब्याचं झाकण उचकटू नकोस, टोक मोडेल आणि उडून डोळ्यात जाईल. आणि हे सगळ्यात महत्त्वाचं: ज्या पात्याने कीटकनाशकाची पिशवी फाडलीस त्याने काकडी चिरायची नाही, धुऊनसुद्धा नाही. औषधाच्या खोलीत वेगळी कात्री खिळ्याला टांगून ठेव. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने माणसं मेली, हे तू पेपरात वाचलं नसशील, तुझ्या वडिलांना आठवत असेल.

चांगला, लहान, कामाचा चाकूसुद्धा सगळीकडे न्यायचा नसतो. परीक्षा, कोर्ट, कलेक्टर ऑफिस, सभा, मिरवणूक, तुळजापूरची दर्शनाची रांग, इथे जाताना तो घरी राहील. मनाईचा आदेश लागू असेल तेव्हाही घरीच. विमानात जायची वेळ आली तर खाली सोपवायच्या बॅगेत. आयटीआयच्या आवारात कधीच नाही. रस्त्यात पोलिसाने विचारलं तर "रानातून आलोय, ठिबक दुरुस्त करत होतो" हे तू शांतपणे सांगू शकला पाहिजेस आणि तुझ्या पिशवीत ठिबकचा जोड दिसला पाहिजे. ज्या दिवशी असं कारण जवळ नाही, त्या दिवशी चाकू जवळ ठेवायचा नाही.

हा चाकू मी तुला परत देणार नाही. उद्या वडिलांना घेऊन ये, त्यांच्यासमोर व्हाइसमध्ये धरून पातं मोडू. दुसऱ्या कुणाला विकायचा किंवा द्यायचा विचारही मनात आणू नकोस. घरी लागणारा चाकू वडिलांच्या हाताने, पावती घेऊन विकत घ्या आणि वापरायच्या आधी वडिलांनीच तो मला आणून दाखवावा; सांध्याचा खेळ मी तपासतो आणि दगडावर हात कसा मारायचा तेही दाखवतो. ज्याच्या वाढदिवसाला हे झालं त्यालाही उद्या अकरा वाजता माझ्याकडे पाठव.

आता मोबाईल काढ आणि तो व्हिडिओ माझ्यासमोर डिलीट कर. ज्या ग्रुपवर टाकलास तिथूनही.